सेमीफायनलची शेवटची १२ मिनिटं

पत्राचा सारांश: कोल्हापुरातल्या एका पेठेत वाढलेले ३१ वर्षांचे गृहस्थ गेली तीन वर्षं आपल्या तालमीच्या १४ वर्षांखालील फुटबॉल संघाला शिकवतात. (कोल्हापुरात पेठांच्या तालमी कुस्तीसोबत फुटबॉलचे संघही चालवतात.) मानधन नाही. पूर्वी ते स्वतः तालमीकडून खेळायचे, गुडघ्याचा लिगामेंट तुटल्यावर थांबले. दिवसा शिरोलीच्या एमआयडीसीत नोकरी, पहाटे आणि सुट्टीच्या दिवशी मैदान. संघात १८ मुलं आहेत. यंदा एका स्पर्धेच्या सेमीफायनलला संघ १-० असा पुढे होता. १२ मिनिटं उरली असताना त्यांनी दमलेल्या मुख्य फॉरवर्डला बाहेर काढलं आणि अख्ख्या हंगामात एक मिनिटही न खेळलेल्या मुलाला डाव्या बाजूला उतरवलं. त्यानंतर दोन गोल बसले, दुसरा कॉर्नरवरून. सामना गेला. फॉरवर्डच्या वडिलांनी मैदानातच आरडाओरडा केला. तालमीतले ज्येष्ठ म्हणाले, "तुझी दयामाया घरात ठेव, पेठेचं नाव घालवलंस." फॉरवर्ड नऊ दिवस सरावाला आलेला नाही, दुसऱ्या पेठेतून त्याला बोलावणं आल्याचं कानावर आहे. बायको म्हणते, बास करा आता. पत्रात दोन प्रश्न आहेत. माझं चुकलं का? आणि हे सोडून द्यावं का?

नमस्कार,

तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं. फॉरवर्डविषयी तुम्ही अकरा ओळी लिहिल्या आहेत. त्याचा वेग, त्याची उजव्या पायाची किक, त्याचे वडील काय काय बोलले, कुठल्या पेठेने त्याला बोलावलं. ज्या मुलाला तुम्ही मैदानात उतरवलंत त्याच्यासाठी एकच ओळ आहे, तीही कंसात: "तो पण येत नाही, पण तो असाही अधूनमधूनच यायचा."

मला त्या कंसातल्या मुलाबद्दल बोलायचं आहे. बाकीच्या गोष्टींकडे नंतर वळू.

तो १३ वर्षांचा आहे. वर्षभर त्याने किट घातलं, वॉर्मअप केला, बाकावर बसला, दुसऱ्यांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळल्या. मग एक दिवस तुम्ही त्याला हाक मारलीत. सेमीफायनल, आपण पुढे, काठावर अख्खी पेठ उभी. तो आत गेला आणि १२ मिनिटांत सगळं गेलं. त्याला बाहेर कुणी काही बोललं की नाही, तुम्ही लिहिलेलं नाही. बोलायची गरजही नव्हती. फॉरवर्डचे वडील ओरडत होते ते काय म्हणून? "माझ्या पोराला काढून याला घातलं" म्हणूनच ना? हे वाक्य तो मुलगा मैदानाच्या मधोमध उभा राहून ऐकत होता.

माझा धाकटा भाऊ दोन हंगाम एका संघाच्या बाकावर होता. आम्ही राहायचो तिथून मैदान चालत पाच मिनिटांवर. सामना संपला की तो घरी यायचा, आई जर्सी भिजत घालायची आणि म्हणायची, "आज चांगलाच लोळलास की रे मातीत." आम्हाला कौतुक वाटायचं. तो चाळिशीला आल्यावर एकदा जेवताना सहज म्हणाला, की घरी येण्याआधी तो कोपऱ्यावरच्या नळाशी थांबायचा, हात ओला करायचा, खाली टेकवायचा आणि जर्सीला चिखल फासायचा. आईला कळू नये म्हणून. आई तेव्हा हयात नव्हती. तो हसत सांगत होता, पण मला त्या रात्री झोप लागली नाही. त्याच्या प्रशिक्षकाला मी वाईट माणूस म्हणणार नाही. त्याला जिंकायचं होतं, इतकंच.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी दोन तुकड्यांत देते. त्या मुलाला खेळवायचं हा तुमचा विचार बरोबर होता, आणि त्यावरून कुणी कितीही बोललं तरी मागे हटू नका. पण वेळ चुकली. वर्षभर त्याची उधारी ठेवलीत आणि सेमीफायनलला एकरकमी फेडायला गेलात. पहिली १२ मिनिटं त्याला साखळीतल्या एखाद्या सामन्यात मिळायला हवी होती, तीन-शून्य पुढे असताना किंवा मागे असताना, जिथे त्याची एक चूक मातीत मिसळून गेली असती. तुम्ही त्याला भार उचलायला शिकवलं नाहीत आणि एकदम पोतं पाठीवर दिलंत.

त्यातून दोन गोल त्याच्यामुळेच झाले, हे तुम्ही इतकं गृहीत धरलं आहे की पत्रात त्यावर प्रश्नच विचारलेला नाही. जरा डोळे मिटून आठवा. दुसरा गोल कॉर्नरवरून झाला, तो मुलगा डाव्या बाजूला पुढे खेळत होता. गोलसमोर प्रतिस्पर्ध्याला मोकळं कुणी सोडलं? गोलकीपर पुढे आला की जागेवर थांबला? १-० असताना आपली पोरं आपोआप मागे सरकली होती का? १३ वर्षांची मुलं शेवटच्या दहा मिनिटांत दमतात आणि बॉल नुसता लांब मारत सुटतात. तुमचा फॉरवर्ड मैदानात असता तरी तो कॉर्नर झालाच असता, असं मी म्हणत नाही. नसता झाला, असंही तुम्हाला म्हणता येणार नाही. हरल्यावर आपण सगळेच एक नाव शोधतो. तुम्ही स्वतःचं शोधलंत, वडिलांनी तुमचं, ज्येष्ठांनी तुमचं. त्या मुलाने त्याचं स्वतःचं शोधलं असणार.

त्याच्या घरी जा. फॉरवर्डच्या घरी जाण्याआधी त्याच्या घरी जा. आईला आधी फोन करा, नाहीतर सर दारात आलेले बघून पोराने काहीतरी केलं असंच घरच्यांना वाटेल. समजूत घालायला बसू नका. "तुझ्यामुळे हरलो नाही" हे सरळ, एकदाच सांगा. मग त्या १२ मिनिटांतली एक तरी गोष्ट सांगा जी त्याने बरोबर केली. मागे धावत आला असेल, थ्रो-इन नीट घेतला असेल. ती खरी हवी. या वयाच्या मुलांना खोटं कौतुक लगेच कळतं. आणि वर्षभर त्याला खेळवलं नाही, ही तुमची चूक होती, असं त्याच्या आईसमोर म्हणा. जड जाईल, पण म्हणा.

आता नियमाविषयी. माझ्या मते भांडणाचं मूळ इथे आहे. प्रत्येकाला खेळायला मिळालं पाहिजे असं तुमच्या मनात होतं. ते कुणाला सांगितलं होतंत? पत्रावरून वाटतं, कुणालाच नाही. फॉरवर्डच्या वडिलांना एवढंच दिसलं की जिंकत असताना आपल्या पोराला बाहेर बोलावलं. ज्येष्ठांना दिसलं की प्रशिक्षकाने घोटाळा केला. तुमच्या मनातला नियम त्यांना कसा दिसणार?

पुढच्या हंगामाआधी, पावसाळा सरत आला की, सगळ्या पालकांना तालमीत बोलवा. बाप मंडळी कामावर असतील तर आया येतील, त्यांना तर जरूर बोलवा. साधा हिशेब मांडा. सामना ६० मिनिटांचा धरला तर ११ जागांची मिळून ६६० मिनिटं होतात. १८ मुलांत वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला ३६-३७ मिनिटं. तितकी काटेकोर वाटणी कुणीच करत नाही, मीही मागणार नाही. गोलकीपरचं गणित वेगळं असतं, सरावाला दांडी मारणाऱ्याचं वेगळं. पण साखळीत प्रत्येक मुलगा किमान इतकी मिनिटं खेळेल, आणि बाद फेरीत संघ मी ठरवेन, असा एक आकडा आणि एक सीमा बोलून ठेवा. सराव चुकवला तर काय, शाळेची परीक्षा असली तर काय, तेही तेव्हाच. मग एक वही करा आणि प्रत्येक सामन्यानंतर कोण किती खेळला ते लिहा. कुठला बाप अंगावर आला तर आवाज चढवायची गरज पडणार नाही, वही पुढे करा.

लहान मुलांच्या सामन्यात बाहेर काढलेला खेळाडू पुन्हा आत येऊ शकतो, अशी मुभा फुटबॉलच्या नियमांमध्ये आहे, राष्ट्रीय संघटनेची परवानगी असेल तर. तुमच्या स्पर्धेत ती आहे का, हे संयोजकांना आधीच विचारा. असली तर फॉरवर्डला सात मिनिटं विश्रांती देऊन परत आणता आलं असतं. नसली तर तुम्ही आणि आणखी दोन-तीन संघांचे प्रशिक्षक मिळून ती मागा. १४ वर्षांखालच्या स्पर्धेत हा बदल कुणाला जड जाऊ नये.

फॉरवर्डकडे येते. तुम्ही लिहिता, "त्याला मिशी फुटली आहे, बाकीची पोरं त्याच्या खांद्याला लागतात." या एका वाक्यात त्याच्या खेळाचं अर्धं गुपित आहे. मुलांची उंची साधारण १२ ते १५ या वयात झपाट्याने वाढते, पण सगळ्यांची एकाच वर्षी नाही. कुणी १२ व्या वर्षी ताडमाड होतो, कुणी १५ व्या. तुमचा फॉरवर्ड आज सगळ्यांना मागे टाकतो, कारण त्याचे पाय दीड वर्ष पुढे आहेत. बाकीचे वाढले की ही आघाडी आपसूक कमी होईल. तेव्हा त्याच्याकडे दुसरं काय असेल? आज त्याला डावा पाय वापरावा लागत नाही, मान वर करून बघावं लागत नाही, पास द्यावा लागत नाही. सतत जिंकवून तुम्ही त्याचंही नुकसान करत आहात, हे त्याच्या वडिलांना कुणीतरी सांगायला हवं. सरावात त्याला लहान जागेत, चार विरुद्ध चार, फक्त डाव्या पायाने खेळवा. चिडेल. चिडू दे.

आणि ज्याला तुम्ही वर्षभर बाकावर बसवलंत तो कंसातला मुलगा, त्याची उंची अजून यायची आहे.

हे तालमीतल्या ज्येष्ठांना समजावणं तुम्हाला वाटतं तितकं अवघड नाही, कारण ते मूळचे कुस्तीच्या गावचे आहेत. शाहू महाराजांनी कुस्तीचं खासबाग मैदान १९१२ मध्ये उभं केलं, त्याच्याही आधीपासून आपल्या तालमींत एक गोष्ट चालत आलेली आहे: वस्ताद जोड बघून कुस्ती लावतो. कोवळ्या पोराला थोराड गड्यासमोर कुणी सोडत नाही. आणि पोरगं पहिल्यांदा चितपट झालं म्हणून त्याला आखाड्यातून हाकलतही नाहीत, दुसऱ्या दिवशी पहाटे परत माती अंगाला लागते. ज्येष्ठांशी या भाषेत बोला. "काका, हा अजून तयार व्हायचा आहे, मला याला दोन वर्षं द्या." त्यांना तुमची दयामाया पटणार नाही, पण तयारीचा अर्थ त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगला कळतो.

ते दुष्ट आहेत असं धरून चालू नका. किटचे पैसे कोण देतं, मैदानासाठी कोण खेटे घालतं, सामन्याला टेम्पो कोण बघतं? त्यांची ईर्षा खरी आहे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार, शिवाजी आणि प्रॅक्टिस या संघांचे सामने लागले की गॅलरीत काय वातावरण असतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. त्या ईर्षेवरच या गावात फुटबॉल टिकला. माझं म्हणणं एवढंच, की ती ईर्षा मोठ्यांच्या संघाला शोभते. १३ वर्षांच्या पोराच्या खांद्यावर पेठेचं नाव ठेवू नये. त्यांच्याकडे दोनच गोष्टी मागा. सामना चालू असताना काठावरून सूचना फक्त तुम्ही देणार, आणि सामन्यानंतर २४ तास कुणी कुठल्या पोराला खेळावरून बोलणार नाही. त्यांना तुम्हाला काही बोलायचं असेल तर तालमीत बोलावून बोलावं, पोरांसमोर नको.

फॉरवर्डच्या वडिलांशी बोलणं मात्र नाजूक आहे. मैदानात आपल्या पोरांसमोर तुमचा अपमान झाला, तो गिळा असं मी म्हणणार नाही. पण त्यांच्या रागाच्या तळाशी काय आहे तेही बघा. २०१७ मध्ये १७ वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला आणि भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव खेळला. तेव्हापासून या गावात बऱ्याच घरांत एक स्वप्न शिरलं आहे, आणि त्याला मी नावं ठेवणार नाही. पण तिथवरची वाट पेठेच्या एका सेमीफायनलमधून जात नाही. सरकारी क्रीडा प्रबोधिनीसारख्या ठिकाणी निवड करताना बघणारे बॉलवरचा ताबा बघतात, डोकं बघतात, शिकायची तयारी बघतात. ही गोष्ट त्यांना शांतपणे सांगा, त्यांच्या घरी, मुलगा शाळेत असताना. आधी त्यांना बोलू द्या. दमला होता म्हणून काढलं, हेही सांगा. ते खरं होतं, आणि पत्रात तुम्ही हे कारण जेमतेम दोन शब्दांत उरकलं आहे.

मुलगा दुसऱ्या पेठेकडून खेळायचं म्हणाला तर जाऊ द्या. नोंदणीचे कागद अडवू नका, "तालमीचं खाल्लंस" असली भाषा नको. तुमच्या हातून तो चांगला घडला असेल तर तिकडेही चांगलाच खेळेल. त्याला जाताना सांगा की दार उघडं आहे. १३ व्या वर्षी निष्ठेची शपथ कशाला घ्यायची?

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण पत्रात आली आहे: तीन मुलं गुडघ्याखाली दुखतं म्हणतात आणि तुम्ही त्यांना "कारणं सांगू नका" म्हटलंत. वाढीच्या वयात गुडघ्याच्या वाटीखाली जो हाडाचा उंचवटा असतो तिथे मांडीचा स्नायू खेचून दुखणं होतं, त्याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात. कडक जमिनीवर रोज धावणाऱ्या, उड्या मारणाऱ्या मुलांत ते नेहमी दिसतं. बहुतेक वेळा वाढ पूर्ण झाली की थांबतं, पण तोवर भार कमी करावा लागतो. त्यांना हाडांच्या डॉक्टरांना दाखवायला पालकांना सांगा, स्वतः निदान करू नका. तुमचा स्वतःचा गुडघा गेला आहे, तुम्हाला याहून जास्त सांगायची गरज नाही. फिफाने ७ ते १३ वर्षांच्या मुलांसाठी वॉर्मअपचा एक क्रम तयार केला आहे, इलेव्हन प्लस किड्स नावाचा. एका पायावर तोल, उड्या, पोटाचे व्यायाम आणि पडायचं कसं, हे सगळं त्यात आहे. पंधरा-वीस मिनिटं लागतात. पडायला तर तालमीतली पोरं जन्मतः शिकलेली असतात, त्यांना कोलांटी मारायला सांगितलं तर खूशच होतील.

आता तुमचा दुसरा प्रश्न, सोडू का. बायको "बास करा" म्हणते, यावर तुम्ही लिहिलंत, "तिला फुटबॉलमधलं कळत नाही." मला वाटतं ती फुटबॉलबद्दल बोलतच नाही. आठवड्याचे सहा दिवस पहाटे पाचला माणूस घराबाहेर, संध्याकाळी कामावरून आल्यावर फोनवर पालक, रविवारी सामना. आणि तीन वर्षांत एकदाही दुसरा कुणी हाताशी घेतलेला नाही. तिने ही गोष्ट फक्त तुमच्याआधी मोजली. तिला विचारा, किती चालेल? आकड्यात उत्तर घ्या.

रागाच्या भरात सोडू नका, आणि रागाच्या भरात चालूही ठेवू नका. हंगाम संपेपर्यंत थांबा. तोवर तालमीतून जुन्या खेळाडूंपैकी एक जण सोबत घ्या, ज्याला आरडाओरड करायची सवय नाही असा. सराव आठवड्यातून चार दिवसांवर आणा. या वयाला चार दिवस पुरतात, उलट एखादा दिवस पोरं गल्लीत आपली आपण खेळतील, तिथे जास्त शिकतील. पुढे हेच करायचं ठरवलंत तर भारतीय फुटबॉल महासंघाचा प्रशिक्षकांसाठीचा सुरुवातीचा परवाना अभ्यासक्रम करा. काही दिवसांचाच असतो, आणि ज्येष्ठांसमोर बोलताना पाठीला आधार होतो. त्यानंतरही मन लागलं नाही तर खुशाल थांबा. तीन वर्षं तुम्ही दिलीत, ती कुणी काढून घेणार नाही.

आणि हरलेल्या दिवशी पोरांना तसंच घरी पाठवू नका. तुम्ही त्या दिवशी कुणाशीच न बोलता निघून आलात, असं लिहिलं आहे. पुढच्या वेळी सगळ्या अठरा जणांना गंगावेशीत घेऊन जा, कट्ट्यावर एकेक ग्लास ताजं दूध पाजा. तिथे खेळाबद्दल काही बोलू नका. ओठांवर दुधाच्या मिशा आल्या की पोरं आपोआप हसायला लागतात. मग घरी सोडा.